कंटेनरमधला डेटाबेस स्वतःचा पत्ता चुकीचा का सांगतो?

एक कंटेनर (प्रोग्रॅम बाकी मशीनपासून वेगळा ठेवून चालवणारा बंदिस्त डबा) चालवला, डेटाबेस सुरू झाला. त्याच मशीनवर आणखी दोन चालवले, तिघांनी एकमेकांना ओळखलं, क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणारा गट तयार झाला. मग तेच तीन कंटेनर तीन वेगळ्या मशीनवर नेले आणि सगळं बिनसलं. प्रत्येक नोड, म्हणजे गटातला एकेक डेटाबेस, स्वतःपुरता ठणठणीत असतो, पण क्लस्टरमध्ये सदस्य किती असं विचारलं की प्रत्येक जण 'एक' म्हणतो. किंवा दुसरा नोड सामील होतो, काही सेकंद दिसतो आणि गळून पडतो. किंवा क्लस्टर छान जमतो, पण बाहेरून जोडू पाहणारा प्रोग्रॅम पहिली ओळख होताच १७२.१७.०.३ असल्या कुठल्याशा पत्त्याकडे धावतो आणि तिथेच अडकून बसतो. हा पत्ता तुम्ही स्वतः कुठेही लिहिलेला नसतो.

वितरित डेटाबेस, म्हणजे अनेक मशीनवर विभागलेला डेटाबेस, कंटेनरमध्ये चालवायला घेणाऱ्या बहुतेकांना या तिन्हींपैकी एक अनुभव येतोच. मीही यात बऱ्याच रात्री घालवल्या आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: या अडचणी वरवर कितीही वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच असतं. कंटेनरमधला नोड सोबत्यांना स्वतःचा जो पत्ता सांगतो, त्या पत्त्यावर सोबत्यांना पोहोचता येत नाही. हे एकदा नीट समजलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात, म्हणून आधी त्यावरच सावकाश बोलू.

वेब सर्व्हरला हा त्रास का होत नाही

साध्या वेब सर्व्हरचं काम येणाऱ्याला उत्तर देण्याचं. हाक ज्या वाटेने आली त्याच वाटेने उत्तर परत जातं. या व्यवहारात सर्व्हरला स्वतःचा पत्ता माहीत असण्याची गरजच पडत नाही. म्हणून त्याला कंटेनरमध्ये ठेवून एक पोर्ट (जोडणीसाठीचं क्रमांकित दार) बाहेर उघडलं की भागतं.

क्लस्टरमधल्या डेटाबेस नोडला मात्र स्वतःची ओळख करून द्यावी लागते. उठल्याबरोबर तो सांगतो: मी आलो आहे, माझा पत्ता अमुक, डेटाचा तमुक भाग माझ्याकडे आहे. हा निरोप एका सोबत्याकडून दुसऱ्याकडे जातो. कॅसांड्रा या वितरित डेटाबेसमध्ये या देवघेवीला 'गॉसिप' असंच नाव आहे. दर सेकंदाला प्रत्येक नोड जास्तीत जास्त तीन नोडांशी बोलतो आणि कोणाबद्दल काय कळलं आहे ते सांगतो-ऐकतो. त्यामुळे 'क' नोडला 'अ'चा पत्ता बऱ्याचदा 'ब'कडून कळतो. मूळ पत्ताच चुकला असेल तर ती चूक तोंडोतोंडी सगळ्या क्लस्टरभर पसरते.

एखाद्या मोठ्या कार्यालयातला फोन डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक टेबलावरच्या फोनला तीन आकडी अंतर्गत नंबर असतो. टेबलावर बसलेल्या माणसाला स्वतःचा नंबर विचारला तर तो '२०४' सांगेल. शेजारच्या टेबलासाठी ते उत्तर अगदी बरोबर आहे. पण दुसऱ्या इमारतीतल्या माणसाने २०४ फिरवला तर त्याच्याच इमारतीतला २०४ वाजेल, किंवा काहीच वाजणार नाही. टेबलावरचा माणूस खोटं बोलत नाही, त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. कंटेनरमधल्या नोडची स्थिती नेमकी हीच असते.

कंटेनरच्या आतून काय दिसतं

लिनक्समध्ये 'नेटवर्क नेमस्पेस' नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकाच मशीनवरच्या काही प्रोसेसना त्यांचं स्वतंत्र नेटवर्क दिसतं: त्यांचा स्वतःचा पत्ता, स्वतःची पोर्टं, स्वतःचे मार्ग. कंटेनर चालवणारा डॉकर हा प्रोग्रॅम प्रत्येक कंटेनरसाठी अशी एक नेमस्पेस बनवतो आणि एका काल्पनिक केबलचं एक टोक कंटेनरमध्ये आणि दुसरं होस्टवरच्या (म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनवरच्या) ब्रिज नावाच्या आभासी स्विचमध्ये खोचतो. मुद्दाम दुसरं काही सांगितलं नाही तर या ब्रिजच्या पत्त्यांचा पट्टा १७२.१७.०.० पासून सुरू होतो. ब्रिज स्वतः १७२.१७.०.१ घेतो, पहिल्या कंटेनरला १७२.१७.०.२ मिळतो, दुसऱ्याला १७२.१७.०.३.

दुसऱ्या मशीनवरही डॉकर हेच करतो, तोच पट्टा घेऊन. म्हणजे दोन मशीनवरच्या पहिल्या कंटेनरांचे पत्ते हुबेहूब सारखे निघतात. आता पहिल्या मशीनवरचा नोड दुसऱ्याला म्हणाला, 'मी १७२.१७.०.२', तर दुसऱ्याच्या दृष्टीने तो त्याचा स्वतःचाच पत्ता! मग काही डेटाबेस 'हा पत्ता आधीच वापरात आहे' म्हणून थांबतात, काही स्वतःशीच जोडणी करू पाहतात, तर काही गप्प राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतात. लॉगमध्ये प्रत्येकाची तक्रार वेगळी दिसते, दुखणं एकच असतं.

बाहेर जाणाऱ्या वाहतुकीत आणखी एक फसवणूक असते. कंटेनरमधून निघालेलं पॅकेट होस्टबाहेर पडताना त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून होस्टचा पत्ता लिहिला जातो. याला नॅट म्हणतात. पॅकेटच्या पाकिटावर होस्टचा पत्ता असतो, आतल्या पत्रात मात्र डेटाबेसने स्वतःच्या हाताने कंटेनरचा पत्ता लिहिलेला असतो. नॅट पाकीट बदलतं, पत्र उघडून वाचत नाही. घेणाऱ्याने पाकिटावर विश्वास ठेवायचा की पत्रावर? डेटाबेस सहसा पत्रावर ठेवतात, कारण पाकिटावरचं पोर्ट त्या एका जोडणीपुरतंच असतं.

ऐकण्याचा पत्ता आणि सांगण्याचा पत्ता

या दुखण्यावरचा उपाय जवळजवळ प्रत्येक डेटाबेसने दिला आहे, फक्त प्रत्येकाने त्याला वेगळं नाव ठेवलं आहे. उपाय असा, की पत्ते दोन मानायचे. नोड ज्या पत्त्यावर कान देऊन बसतो तो ऐकण्याचा पत्ता, आणि इतरांना जो देतो तो सांगण्याचा पत्ता. साध्या मशीनवर हे दोन्ही एकच असतात, म्हणून आपल्याला कधी फरक जाणवत नाही. कंटेनरमध्ये ते वेगळे होतात.

कॅसांड्रामध्ये पहिला 'लिसन ॲड्रेस', दुसरा 'ब्रॉडकास्ट ॲड्रेस'. ग्राहक प्रोग्रॅमसाठी, म्हणजे बाहेरून डेटा मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, अशीच आणखी एक जोडी आहे, तिच्या नावात 'आरपीसी' येतं. इलॅस्टिकसर्चमध्ये 'बाइंड होस्ट' आणि 'पब्लिश होस्ट'. एटसीडी आणि कॉक्रोचडीबीमध्ये 'लिसन' आणि 'ॲडव्हर्टाइज'. रेडिस क्लस्टरमध्ये 'अनाउन्स' शब्दाने सुरू होणाऱ्या सेटिंगा आहेत, त्या ४.० आवृत्तीत आल्या. नवीन डेटाबेस हाती घेतला की मी सगळ्यात आधी त्याच्या कागदपत्रांत ब्रॉडकास्ट, पब्लिश, ॲडव्हर्टाइज, अनाउन्स यांपैकी कोणता शब्द आहे ते शोधतो. तो सापडला की अर्धं काम झालं.

इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळीकडे ०.०.०.० लिहून टाकणं. ऐकण्यासाठी या पत्त्याचा अर्थ 'माझ्या प्रत्येक दारावर कान दे' असा होतो, तो ठीक आहे. पण सांगण्यासाठी त्याला काही अर्थच नाही. 'मी कुठेही आहे' असा पत्ता घेऊन कोणी कोणाकडे जाऊ शकत नाही. कॅसांड्राच्या सेटिंगच्या फाइलीत लिसन ॲड्रेसला ०.०.०.० देणं नेहमीच चूक आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. आरपीसीच्या बाजूला तो चालतो, पण तेव्हा सांगण्याचा पत्ता वेगळा द्यावाच लागतो.

पोर्टाचंही असंच आहे आणि तिकडे लक्ष कमी जातं. एकाच होस्टवर दोन नोड चालवायचे म्हणून आपण आतलं ७००० बाहेर ७००० आणि ७०१० अशा दोन पोर्टांवर उघडतो. वेब सर्व्हरला हे चाललं असतं. पण कॅसांड्राच्या ४.० च्या आधीच्या आवृत्त्या आपापसात बोलताना सगळ्यांचं पोर्ट एकच धरतात. पत्ता बरोबर सांगितला तरी सोबती ७००० वरच येतो आणि भलत्याच नोडला भेटतो.

रेडिस क्लस्टरमध्ये तर दोन पोर्टं लागतात: ग्राहकांसाठी ६३७९ आणि नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी त्यात दहा हजार मिळवून १६३७९. बऱ्याच जणांकडून पहिलं उघडलं जातं आणि दुसरं राहून जातं. मग प्रत्येक नोडशी हाताने जोडलं की सगळं सुरळीत दिसतं, आणि क्लस्टर मात्र तयार होता होत नाही.

गॅलेराचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये ग्राहकांसाठी ३३०६, नोडांच्या गटासाठी ४५६७, थोडक्या राहिलेल्या बदलांसाठी ४५६८ आणि संपूर्ण डेटाच्या प्रतीसाठी साधारणपणे ४४४४ अशी पोर्टं असतात. नवा नोड ४५६७ वरून गटात शिरतो. त्याच्याकडे डेटा नसतो, म्हणून तो म्हणतो, 'पूर्ण प्रत मला या पत्त्यावर पाठवा'. जुना नोड त्या पत्त्याकडे उलटी जोडणी करू पाहतो. पत्ता कंटेनरच्या आतला असला, किंवा ४४४४ उघडलेलं नसलं, तर इथेच गाडं अडतं. नवा नोड गटात दिसतो पण तयार होत नाही, काही वेळाने पडतो, पुन्हा उठतो. आपण डेटाबेसच्या लॉगमध्ये बिघाड शोधत राहतो, आणि चूक मात्र उलट दिशेची वाट बंद असण्यात असते. म्हणून तपासणी कायम दोन्ही दिशांनी करावी. 'अ'कडून 'ब'कडे जाता येतं यावरून 'ब'कडून 'अ'कडे येता येतं असं ठरत नाही.

ग्राहक हा तिसरा पक्ष

नोडांचं आपसात जमलं तरी ग्राहक प्रोग्रॅमचा प्रश्न उरतोच. वितरित डेटाबेसचे ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारे भाग, एका नोडशी बोलून थांबत नाहीत. ते पहिल्या नोडकडून संपूर्ण यादी मागून घेतात आणि पुढचं बोलणं त्या यादीनुसार करतात. मोंगोडीबीचा रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारा नोडांचा गट) सुरू करताना सदस्यांची जी नावं तुम्ही लिहिता, तीच नावं ड्रायव्हरला मिळतात. तुम्ही जोडणीच्या ओळीत काय लिहिलं होतं, हे पहिल्या भेटीनंतर गौण ठरतं. रेडिस क्लस्टरमध्ये एकूण १६,३८४ खाने असतात. मागितलेली किल्ली आपल्या खान्यात नसली तर नोड ग्राहकाला 'ती तिकडे आहे' म्हणून दुसऱ्या नोडचा पत्ता देतो. तो पत्ता ग्राहकाला दिसणारा नसेल तर काही किल्ल्या लगेच मिळतात आणि काहींवर प्रोग्रॅम लटकतो. यात काहीच सूत्र दिसत नाही, म्हणून माणूस गोंधळून जातो. खरं तर सूत्र असतं, ते किल्ली कोणत्या खान्यात पडते यावर अवलंबून असतं.

सगळ्यात नाजूक परिस्थिती म्हणजे नोड एका नेटवर्कमध्ये, ॲप्लिकेशन त्याच नेटवर्कमध्ये, आणि विकासक मात्र स्वतःच्या लॅपटॉपवरून बाहेर. दोघांना एकच पत्ता देऊन चालत नाही. यातून सुटायचे मार्ग मोजके आहेत. दोन्ही बाजूंना एकच नाव द्यायचं आणि ते नाव आत वेगळ्या पत्त्याकडे, बाहेर वेगळ्या पत्त्याकडे वळवायचं; किंवा ड्रायव्हरमध्ये पत्ता बदलून घेण्याची सोय असेल तर ती वापरायची, कॅसांड्राच्या ड्रायव्हरांमध्ये ती आहे; किंवा विकासकाचा प्रोग्रॅमही कंटेनरमध्ये घालून आतच चालवायचा. छोट्या कामासाठी मी तिसराच मार्ग निवडतो. विशेषतः मॅकवर किंवा विंडोजवर, कारण तिथे डॉकर डेस्कटॉपचे कंटेनर एका आभासी मशीनच्या आत असतात आणि लॅपटॉपवरून कंटेनरच्या पत्त्यावर सरळ जाताच येत नाही.

पत्त्याऐवजी नाव

कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला की त्याचा आयपी पत्ता तोच राहील याची हमी नसते. म्हणून नोडांनी एकमेकांना नावाने ओळखावं, हे उत्तम. पण डॉकरच्या आपोआप मिळणाऱ्या ब्रिजवर कंटेनरांची नावं ओळखली जात नाहीत. त्यासाठी स्वतःचं नेटवर्क तयार करावं लागतं. तसं केलं की प्रत्येक कंटेनरला १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकरचा अंतर्गत नाव-शोधक मिळतो. डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालवणारं साधन) हे आपल्यासाठी आपोआप करतो, त्यामुळे कंपोजमध्ये चालणारी मांडणी हाताने चालवली की मोडते, तेव्हा कारण बहुधा इथेच सापडतं.

नावाचीही एक खोड आहे. प्रोग्रॅम नावावरून पत्ता एकदा शोधतो आणि लक्षात ठेवतो. किती वेळ, ते ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. जावाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'सिक्युरिटी मॅनेजर' ही सुरक्षेची सोय चालू असली तर एकदा सापडलेला पत्ता प्रोसेस बंद होईपर्यंत पक्का धरला जायचा; ती नसली तर सहसा ३० सेकंद. शिवाय काही डेटाबेस सुरू होताना नावाचा पत्ता करून घेतात आणि पुढे नाव विसरून फक्त पत्ताच बाळगतात. अशा वेळी नाव दिलं म्हणजे निश्चिंत झालो, असं मानणं महागात पडतं.

कुबरनेटीज या अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीत या प्रश्नाचा विचार अधिक मुळातून झाला आहे. तिथे प्रत्येक पॉडला (एक किंवा अधिक कंटेनरांच्या जुडीला) स्वतःचा पत्ता मिळतो आणि पॉडांना एकमेकांशी नॅटशिवाय बोलता यावं हा त्या नेटवर्कचा मूळ नियम आहे. म्हणजे ऐकण्याचा आणि सांगण्याचा पत्ता क्लस्टरच्या आत पुन्हा एक होतो. त्यावर 'स्टेटफुलसेट' ही सोय पॉडांना कायमची नावं देते: डीबी-०, डीबी-१, डीबी-२. पॉड मेला आणि दुसऱ्या मशीनवर उठला तरी नाव आणि त्याची डिस्क तीच राहते.

नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी मात्र तिथली साधी सर्व्हिस वापरू नये. साध्या सर्व्हिसचा एकच पत्ता असतो आणि ती प्रत्येक जोडणी मागच्या कोणत्याही पॉडकडे वळवते. वेबसाठी हे छान. पण 'डीबी-१ शी बोलायचं आहे' म्हणणाऱ्या नोडला तिने 'डीबी-०'कडे नेलं, तर क्लस्टर कसा जमणार? म्हणून इथे 'हेडलेस' सर्व्हिस लावतात, जी मध्ये न पडता प्रत्येक पॉडचा खरा पत्ता सांगते.

हेडलेस लावल्यावरही पहिल्यांदा क्लस्टर उभा करताना एक पेच पडतो. कुबरनेटीज पॉड तयार झाल्याशिवाय त्याचं नाव इतरांना दाखवत नाही. आणि डेटाबेस सोबती सापडल्याशिवाय 'मी तयार आहे' म्हणत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. यावर उपाय म्हणजे त्या हेडलेस सर्व्हिसला 'तयार नसलेल्यांचेही पत्ते दाखव' असं सांगणं; त्यासाठी वेगळी सेटिंग आहे. शिवाय पॉड एकामागून एक उठवायचे की एकदम, हेही ठरवता येतं. तीन नोडांपैकी दोन आल्याशिवाय न उठणाऱ्या डेटाबेसला एकामागून एक ही शिस्त मारक ठरते, कारण पहिला तयार होईपर्यंत दुसरा जन्मालाच येत नाही.

जोडणी होते, पण डेटा अडतो

वेगवेगळ्या मशीनवरच्या कंटेनरांना एकाच नेटवर्कमध्ये आहोत असं भासवण्यासाठी 'ओव्हरले' नेटवर्क वापरतात. त्यामागचं सर्वांत प्रचलित तंत्र व्हीएक्सलॅन. कंटेनरचं आख्खं पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून ते होस्टकडून होस्टकडे पाठवलं जातं. डॉकर स्वॉर्मला (अनेक मशीनवर कंटेनर चालवण्याच्या डॉकरच्या सोयीला) यासाठी होस्टांमध्ये यूडीपी ४७८९ उघडं लागतं, शिवाय आपसातल्या बातम्यांसाठी टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) अशी दोन्ही ७९४६. यातलं एखादं राहिलं तर यादीत सगळे होस्ट हजर दिसतात आणि कंटेनरांना एकमेकांचा पत्ताच लागत नाही.

या पाकिटातल्या पाकिटाला जागा लागते. व्हीएक्सलॅनचं वेष्टण ५० बाइट खातं. एका पॅकेटच्या आकाराची नेटवर्कवरची नेहमीची मर्यादा, ज्याला एमटीयू म्हणतात, १५०० बाइट. म्हणून आतल्या कंटेनरला १४५० सांगावं लागतं. खालचं नेटवर्कच १५०० पेक्षा लहान असेल तर हिशेब आणखी आक्रसतो. वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्याची नेहमीची मर्यादा १४२० असते. त्यावरून व्हीएक्सलॅन नेलं तर आत १३७० च उरतात. हे कंटेनरला कोणी सांगितलं नाही, तर तो मोठी पॅकेटं पाठवत राहतो आणि ती वाटेत गळतात. खरं तर अशा वेळी 'पाकीट मोठं आहे' असा निरोप मागे यायला हवा, पण तो निरोप फायरवॉलमध्ये अडवलेला असला की कोणालाच काही कळत नाही.

या बिघाडाची लक्षणं मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यानेच माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आहे. पिंग चालतं. पोर्ट उघडं दिसतं. नोड एकमेकांना ओळखतात, हृदयाचे ठोके (जिवंत असल्याचे नियमित निरोप) पोहोचतात, क्लस्टरची यादी पूर्ण दिसते. कारण हे सगळे निरोप लहान असतात. मग नवा नोड डेटाची प्रत मागतो आणि प्रत शून्यावर थिजते. छोटी क्वेरी क्षणात परत येते, हजार ओळींची क्वेरी लटकते. कूटबद्ध जोडणी सुरू होतानाच अडते, कारण प्रमाणपत्र मोठं असतं. 'लहान जातं, मोठं अडतं' एवढं दिसलं की मी दुसरं काही न बघता एमटीयूकडे जातो. पॅकेटचे तुकडे करू नकोस असं सांगून पिंगला १४७२ बाइटचा मजकूर पाठवायला लावावा. त्यावर २८ बाइटची शीर्षकं चढून बरोबर १५०० होतात. ते गेलं नाही आणि १४२२ गेलं, तर मर्यादा या दोन्हींच्या मध्ये आहे. मग आकडा थोडा थोडा वाढवत नेमकी कुठे आहे ते शोधायचं आणि कंटेनरच्या नेटवर्कला तेवढा आकडा द्यायचा.

शांतपणे तुटलेली जोडणी

रात्रभर कोणी वापर केला नाही आणि सकाळची पहिली क्वेरी लटकली, असं होत असेल तर कारण वेगळं आहे. डॉकर स्वॉर्ममध्ये सेवेला एक आभासी पत्ता मिळतो आणि त्यामागे लिनक्सचं आयपीव्हीएस (जोडण्या वाटून देणारी यंत्रणा) काम करतं. ते शांत पडलेली टीसीपी जोडणी ९०० सेकंदांनी, म्हणजे १५ मिनिटांनी विसरून जातं. दोन्ही टोकांना मात्र ती जिवंतच वाटते. जिवंतपणा तपासणारा लिनक्सचा कीपअलाइव्ह ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी पहिला निरोप पाठवतो, तोही प्रोग्रॅमने मागितला असेल तरच. मधला पावणेदोन तासांचा काळ हा सापळा आहे. उपाय म्हणजे कीपअलाइव्ह ९०० पेक्षा कमी सेकंदांवर आणणं. तो कंटेनरसाठी वेगळा द्यावा, कारण होस्टवर बदललेला आकडा कंटेनरच्या नेमस्पेसला लागू होईलच असं नाही. आणि डेटाबेसच्या नोडांसाठी आभासी पत्ताच टाळता आला तर अधिक चांगलं.

नेटवर्क वाटतं, पण नसतं

नोड मध्येच 'मेला' म्हणून घोषित होतो आणि लगेच जिवंत होतो. सगळे नेटवर्कला दोष देतात. पण हृदयाचा ठोका वेळेवर पाठवायला नोडला प्रोसेसरही वेळेवर मिळावा लागतो. कंटेनरला प्रोसेसरची मर्यादा घातली असेल, तर लिनक्स सहसा १०० मिलीसेकंदांच्या तुकड्यांत हिशेब ठेवतं. वाट्याचा वेळ लवकर संपला तर उरलेला तुकडा कंटेनरला थांबवून ठेवतं. एटसीडी नेहमीच्या मांडणीत दर १०० मिलीसेकंदांनी ठोका पाठवतो आणि १००० मिलीसेकंद ऐकू आला नाही तर नवा नेता निवडायला घेतो. असे काही तुकडे पाठोपाठ गेले, त्यात डिस्क संथ असली, की निवडणुका सुरू होतात. कॅसांड्रा ठराविक वेळेऐवजी आधीच्या ठोक्यांच्या लयीवरून संशय मोजतो, त्यामुळे तो थोडा समंजस वागतो, पण जावाची स्मृती-सफाई लांबली की तोही फसतो. म्हणून नेटवर्क उलगडत बसण्याआधी कंटेनर किती वेळा थांबवला गेला तो आकडा बघावा. होस्टवर तो सरळ वाचता येतो.

एका क्लस्टरचे दोन क्लस्टर होण्याचा धोकाही इथलाच. पहिल्या सुरुवातीला प्रत्येक कंटेनरला सोबती म्हणून स्वतःचंच नाव दिलं, किंवा सोबत्याचं नाव न सापडल्यामुळे प्रत्येकाने 'मीच पहिला' असं ठरवलं, की प्रत्येकाचा वेगळा क्लस्टर उभा राहतो. प्रत्येकात डेटा लिहिला जाऊ लागला तर नंतर ते सांधता येत नाहीत. इलॅस्टिकसर्चने ७.० आवृत्तीपासून पहिल्या निवडणुकीत कोण भाग घेणार त्यांची नावं लिहून मागायला सुरुवात केली ती याचसाठी. ही यादी फक्त पहिल्या वेळेसाठी असते. क्लस्टर जमला की ती काढून टाकावी.

उघडलेलं दार

पत्ते जुळवण्याच्या घाईत माणसं पोर्टं सरसकट उघडतात, तेव्हा एक गोष्ट विसरू नये. डॉकरने बाहेर उघडलेलं पोर्ट साध्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून जातं. फायरवॉल 'बंद' म्हणत असते आणि दार सताड उघडं असतं. २०१७ च्या सुरुवातीला इंटरनेटवर असे विनापासवर्ड उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि डेटा परत देण्यासाठी खंडणी मागितली गेली. म्हणून पोर्ट उघडताना ते होस्टच्या खासगी पत्त्यालाच बांधावं, आणि नोडांच्या आपसातल्या बोलण्याची पोर्टं तर बाहेर कधीच जाऊ नयेत.

होस्टचंच नेटवर्क वापरलं तर?

हा प्रश्न रास्त आहे. कंटेनरला वेगळी नेमस्पेस न देता होस्टच्या नेटवर्कवर चालवलं की वर सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेक उरतच नाहीत: नॅट नाही, ओव्हरले नाही, पत्ता एकच. रेडिसच्या कागदपत्रांतही डॉकरसाठी हाच सल्ला आहे. बदल्यात एका होस्टवर त्याच पोर्टाचे दोन नोड ठेवता येत नाहीत आणि कंटेनरचा नेटवर्कपुरता आडोसा जातो. मशीन मोजकी आणि ठरलेली असतील, प्रत्येकावर एकच नोड असेल, तर मी हाच मार्ग घेतो आणि तो घेताना मला कमीपणा वाटत नाही. डेटाबेस हे रोज जागा बदलणारं काम नव्हे. मशीन सतत येत-जात असतील, तर मात्र कुबरनेटीजच्या वाटेने जाणं बरं.

मांडणी कोणतीही असो, ती झाली की मी ठरावीक गोष्टी करून बघतो. एका नोडला विचारतो, तुझे सोबती कोणत्या पत्त्यांवर आहेत. कॅसांड्रामध्ये 'सिस्टिम.पीअर्स' या तक्त्यात ते मिळतं, इतरांत त्यासाठी आज्ञा असते. मग दुसऱ्या मशीनवरच्या कंटेनरच्या आत जाऊन त्या यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर, प्रत्येक पोर्टावर जोडून बघतो. पाच नोड असतील तर अशा २० दिशा होतात, आणि त्या विसाच्या वीस तपासतो. मग मोठं पॅकेट पाठवतो. मग एक कंटेनर काढून टाकून पुन्हा बनवतो, त्याचा पत्ता बदलू देतो, आणि बाकीचे त्याला किती वेळात शोधतात ते पाहतो. शेवटी सगळं शांत ठेवून २० मिनिटं थांबतो, आणि मग घड्याळाकडे बघत पहिली क्वेरी चालवतो.